सोनेरी चकत्या

कपाट रिकामं होतं, आणि तरी दार लावताना आतून आवाज आला. वाळलेल्या शेंगा हलाव्यात तसा, कोरडा, किणकिणता. तबस्सुमचा हात कडीवरच राहिला. हमाल जिना उतरून गेले होते, भाऊ उमर टेम्पोवाल्याला गल्लीतून बाहेर काढायला खाली गेला होता, आणि जळगावच्या मेहरूणमधल्या त्या भाड्याच्या खोलीत ती, एक पत्र्याचं जुनं कपाट आणि खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन एवढंच होतं. जुन्या सामानाच्या दुकानात तिनं सगळे कप्पे उघडून पाहिले होते. आता पुन्हा उघडले, आतल्या तिजोरीच्या कप्प्यात हात घातला, तर मागच्या पत्र्याला, अगदी वर, एका खिळ्याला काहीतरी लोंबत होतं. काढून उजेडात धरलं. तांब्याच्या जाड तारेचं एक कडं, छोट्या ताटलीएवढं, आणि त्याला बारीक तारांनी लटकवलेल्या सोनेरी चकत्या. मोहरांसारख्या. पण कुठलीच चकती धड गोल नव्हती. एखादी लांबट, एखादी एका बाजूनं फाकलेली, कडा ब्लेडसारख्या पातळ. छाप होता म्हणावं तर दिसत नव्हता, नव्हता म्हणावं तर बोटाला लागत होता. तिला ते सुंदर वाटलं नाही. ते हातातून खाली मात्र ठेववेना.

उमर वर आला, त्यानं ते हातात घेऊन फिरवलं. "लक्ष्मीपूजनाचं काहीतरी असेल, आपा. हिंदू घरातलं कपाट आहे. दुकानात रुपचंदला परत देऊन टाकू." तो बोलला तेवढंच, पण ती परत देईल हे त्यानं धरलंच होतं. उमरच्या घरात ती इतकी वर्षं राहिली होती की तिच्या वतीनं काय ते धरून चालायची सगळ्यांनाच सवय झाली होती. कुणी तिला कधी दुखवलं नव्हतं. भावजय यास्मिन तिच्यासाठी भाजीतलं तिखट वेगळं काढून ठेवायची, भाचे तिच्याच खोलीत झोपायचे, ईदला तिचा कपड्यांचा जोडा सगळ्यांत आधी शिवून यायचा. त्या चांगुलपणानंच ती थकली होती. रोज सकाळी लॅबमध्ये माणसं तिच्यासमोर हात लांब करून बसायची, मूठ वळायची, मान दुसरीकडे फिरवायची. ती शीर शोधायची, रक्त घ्यायची, कापूस दाबून धरायला सांगायची. आणि संध्याकाळी घरी जाऊन सगळ्यांचे आभार मानल्यासारखं वागायची. आभार तोंडानं मानावे लागत नसत. भांडं आपणहून घासणं, टीव्हीचा रिमोट न मागणं, आजारी न पडणं, असे ते मानावे लागत. स्वतःची खोली घेते म्हणाली तेव्हा उमर रागावला नाही. "आमचं काय चुकलं?" एवढंच म्हणाला. त्याला काय सांगणार? काहीच चुकलं नाही, हेच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी यास्मिन डबा घेऊन आली आणि खिडकीच्या गजाला लटकवलेलं ते कडं पाहून दारातच थांबली. "हे काय लावलंत आपा? कुणी करणी करून ठेवलेलं असतं असं. नव्या घराची सुरुवात असल्या वस्तूनं करू नका." तबस्सुम हसली, आणि यास्मिन गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ते काढून उशीखाली ठेवलंय. लॅबमधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, चिनी आहे, भरभराटीसाठी लावतात दारात, ऑनलाइन मिळतं. शहरात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथं ती जेवणाच्या सुटीत गेली. काचेच्या पेट्यांमागे बसलेल्या गृहस्थांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, आणि नाणी नाहीत म्हणाले, कुठल्याच राजवटीची नाहीत, नाचातल्या कमरपट्ट्याला वगैरे असल्या खोट्या मोहरा लावत. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचंय?" प्रश्न साधाच होता. तिला उत्तर देता आलं नाही.

असंच तिला पूर्वीही उत्तर देता आलं नव्हतं. पिंपळनेरला सासर होतं, किराण्याचं मोठं दुकान, वर घर. तिथून ती एका ईदला माहेरी आली आणि परत गेलीच नाही. अब्बा तेव्हा होते. त्यांनी, चाचांनी, मोहल्ल्यातल्या बड्या-बुजुर्गांनी समोर बसवून विचारलं होतं, कारण सांग. मारतो का? नाही. बाहेर काही आहे का? नाही. खायला-ल्यायला कमी? नाही. सासू? सासू तिला बेटी म्हणायची. प्रत्येक नाहीबरोबर समोरचे चेहरे जास्त गोंधळत गेले, आणि शेवटी अब्बा म्हणाले होते, मग झालं तरी काय? रात्री पडल्यापडल्या ती स्वतःलाच विचारायची, मग झालं तरी काय? तलाक रीतसर झाला, भांडण न होता. तिचं लग्नातलं कपाट तिथंच राहिलं. गोदरेजच्या नमुन्याचं, हिरवं, आरशाचं. ते जिन्यावरून उतरवायचं तर कठडा काढावा लागेल म्हणाले, आणि तिनं राहू द्या म्हटलं. आता त्यात कुणाच्या साड्या असतील, कुणाची मुलं त्या आरशात वेडीवाकडी तोंडं करत असतील. खालच्या कप्प्यात आपण काही ठेवलं होतं हे तिला आठवायचं, काय ते आठवायचं नाही. एखादी वस्तू असावी आणि ती काय हे आपल्यालाच माहीत नसावं, याचं तिला कधीकधी भर कामात, कुणाच्या दंडाला रबर बांधताना, एकदम भय वाटायचं.

शेवटी एका सकाळी, पेशंट यायच्या आधी, तिनं एक चकती तारेतून सोडवली, कापसावर थोडं अ‍ॅसिटोन घेतलं आणि पुसायला लागली. सोनेरी रंग सालीसारखा सुटून कापसावर आला. खाली पोलाद निघालं, साधं, पांढरट. तिनं चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, सगळ्यात कमी भिंग लावलं. आधी नुसते ओरखडे, सगळे एकाच दिशेनं ओढलेले. मग ती चकती हळूहळू सरकवत गेली आणि एक पाठ दिसली, लांबच लांब, ताणलेली. पाठीपुढे डोकं, मानेखालच्या घड्या, आणि नाकावर शिंग. गेंडा होता. चार आण्यावरचा गेंडा, ती शाळेत असताना मुठीत घामेजलेला असायचा तो, कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरून ओढावा तसा माशासारखा लांब झालेला. तिनं आणखी एक पुसली. ती अ‍ॅल्युमिनियमची निघाली, दहा पैशांची असावी, कडेच्या पाकळ्या पसरून गेलेल्या. म्हणजे नाणीच होती. कुठल्या राजाची नव्हेत, आपलीच, बसच्या तिकिटाची आणि गोळ्या-बिस्किटांची. आणि एवढं लोखंड असं कागदासारखं चेपायला रेल्वेचंच चाक हवं. लहानपणी मोहल्ल्यातली पोरं शिवाजीनगरच्या पुलाखाली रुळावर नाणी ठेवून असं करायची, तिला आठवलं. पण ती पोरं एखादंच नाणं करून बघायची आणि हरवून टाकायची. इतकी कुणी करतं? आणि करून, भोकं पाडून, रंग देऊन, कपाटाच्या आत कुणाला दिसणार नाही असं लटकवतं?

रुपचंदच्या दुकानातून तिला नंबर मिळाला. कपाट धुळ्याहून आलं होतं, देवपुरातून, एका घरातलं सगळंच सामान त्यानं उचललं होतं, कपाट, दोन खुर्च्या, मिक्सर, लाकडी पेटी. तिनं फोन केला. योगराज नावाचे कुणी बोलले, दमलेला, मऊ आवाज. "असेल, आईचं असेल," ते म्हणाले. "टाकून द्या मॅडम. किमतीचं नाही ते काही." आईचं असेल, यात आई आता नाही असं तिला ऐकू आलं, आणि तिनं सॉरी म्हणून फोन ठेवला. टाकून द्यायला तिनं ते पिशवीतही घातलं. पण मेलेल्या बाईनं एवढं जपलेलं आपण मेहरूणच्या कचऱ्यात टाकायचं हे तिला जमेना, आणि मुख्य म्हणजे ते काय आहे हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी उमरकडे जेवायला जायचं होतं. तिनं लॅबमध्ये काम आहे असं खोटं सांगितलं आणि धुळ्याची बस धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस उपटलेली काळी रानं. ती खिडकीला डोकं टेकून बसली, पण झोप लागली नाही. तिला बसमध्ये झोप लागायची नाही. पिंपळनेरहून आली त्या दिवसापासून.

रुपचंदनं सांगितलेलं घर पांझरा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. दार उघडंच होतं. आतली खोली पाहून तिला वाटलं घर चुकलं, इथे कुणी राहत नसणार. भिंतींवर सामान उठल्याच्या खुणा होत्या, एक उंच उभा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त निळा. त्या निळ्या चौकोनासमोर खाटेवर एक म्हातारी पाय खाली सोडून बसली होती, नऊवारी, कपाळावर गोंदण, डोळ्यांवर जाड चष्मा.

"कोन शे?" म्हातारीनं विचारलं.

"मी जळगावहून आले," तबस्सुम म्हणाली. "योगराजभाऊ आहेत का?"

"तो दूध लेवाले गया. मी तेनी माय, ताईबाई. बस."

तबस्सुम खाली सतरंजीवर बसली. म्हणजे आई होती. समोर बसली होती, आणि तिच्या खोलीतलं सगळं विकलं गेलं होतं. आता उठून निघून जावं, असं तिच्या मनात आलं. पण बसताना मांडीवर ठेवलेली पिशवी हलली आणि आतून तो आवाज आला. ताईबाईंनी मान वळवली. चष्म्यातून त्यांना फारसं दिसत नसावं, त्यांनी कानानंच ओळखलं. हात पुढे केला. तबस्सुमनं पिशवीतून कडं काढून त्या हातात दिलं.

म्हातारी बराच वेळ चकत्यांवरून बोटं फिरवत राहिली. रंग पुसलेल्या दोन चकत्यांपाशी बोट थांबलं. "याना रंग गया," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती.

"मी पुसला. काय आहे ते बघायचं होतं. आजी, हे काय आहे?"

"हाई?" ताईबाई हसल्यासारखं करून म्हणाल्या, "हाई मनं जानं-येनं शे."

मग त्या सांगायला लागल्या, थांबत थांबत, अहिराणीत, मधूनच शहरी मराठीत. नवरा नरडाण्याला रेल्वेत गँगमन होता. रुळाच्या कडेलाच क्वार्टर. माणूस कामाला बैलासारखा, पण मारकुटा. जेवणात खडा लागला तरी हात उठायचा. हात उठला की ताईबाई पातळाचं गाठोडं बांधायच्या आणि गाडीत बसून दोंडाईच्याला माहेरी जायच्या. चार दिवसांनी, आठ दिवसांनी भाऊ आणून सोडायचा. पहिल्यांदा परत आल्या तेव्हा नवऱ्यानं काही न बोलता खिशातून एक चेपलेला पैसा काढून हातावर ठेवला. ज्या गाडीनं ती गेली त्याच गाडीच्या चाकाखाली त्यानं तो ठेवला होता. पुढच्या वेळी पुन्हा. मग दर वेळी.

"कशाला ठेवायचे?" तबस्सुमनं विचारलं.

"तेच तं." ताईबाईंनी कडं मांडीवर ठेवलं. "पयले माले वाटे, धाक दखाडस. दख, पुन्हा गई तं तुनं आसं व्हई. मी घाबरू. मंग पोरगा व्हयना, वरीस गयात, आनि वाटाले लागनं, नही, याले बोलता येत नही. मी गई म्हनीसन याले काहीतरी व्हस, ते तो असा सांगस. एक डाव इचारं. तं म्हने, मालेबी ठाऊक नही." त्यांनी एक चकती बोटानं उलटी केली. "मरना तो. मी सगळा पैसा गोया करीसन हाई करं. सोनाना रंग दिन्हा. भितवर लावाले लाज वाटे, म्हनीसन कपाटमा. धाक व्हता का माया व्हती, आजून समजनं नही माले."

 तबस्सुमच्या डोळ्यांपुढे नरडाण्याचं स्टेशन आलं, कधीकाळी बसमधून दिसलेलं, औद्योगिक शेड्सच्या पलीकडे. आणि रुळाशी वाकलेला एक माणूस, गाडी गेल्यावर खडीत काहीतरी शोधणारा. त्या माणसाचा तिला राग आला, आणि रागातच तिला त्याचा हेवा वाटला. त्याच्या बायकोचा म्हणायला हवं. पिंपळनेरहून ती निघाली त्या दिवशी दुकानात गर्दी होती. नवऱ्यानं गल्ल्यावरून मान वर केली होती, अच्छा म्हणाला होता, आणि गिऱ्हाइकाकडे वळला होता. त्यात काय वाईट होतं? काहीच नव्हतं. ती जिना उतरून रस्त्यावर आली आणि वर घरात मघाचंच बोलणं मघासारखंच चालू असलेलं तिला ऐकू येत राहिलं होतं.

पायऱ्यांवर चप्पल वाजली. योगराज आत आले, पन्नाशीचे, हातात दुधाची पिशवी, केस विस्कटलेले. त्यांनी आधी तबस्सुमकडे पाहिलं, मग आईच्या मांडीकडे, आणि त्यांना सगळं कळलं. "आई," ते घाईनं म्हणाले, "या बाई कपाट रंगवायला दिलंय ना, तिकडच्या आहेत." आणि तबस्सुमकडे पाहिलं. त्या नजरेत दमदाटी नव्हती, विनवणी होती; दमलेल्या माणसाची. ती नजर तिला ओळखीची वाटली. रोज सकाळी आरशात असायची.

"आसं का," ताईबाई म्हणाल्या आणि तबस्सुमकडे वळल्या. "मंग कवय येई व मना कपाट?"

लवकरच, असं म्हटलं की झालं. तबस्सुमचं आयुष्य अशा बोलण्यावरच चाललं होतं. आजच सकाळी ती उमरशी तसंच बोलली होती. तिनं तोंड उघडलं.

"कपाट माझ्याकडे आहे, आजी," ती म्हणाली. "मी विकत घेतलं. जळगावला माझ्या खोलीत आहे."

योगराज दुधाची पिशवी धरून तसेच उभे राहिले. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. ताईबाईंनी निळ्या चौकोनाकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग कितीतरी वेळानं तबस्सुमकडे.

"तेना डावा दरवाजा अटकस का आजून?"

"हो. खालून घासतो."

"जरासा वर उचलीसन लाव. जोर नको लावू." मग मुलाला म्हणाल्या, "फोनवर बोलस ते ऐकू येस माले. सुरतले कवय जानं शे?"

योगराज खाटेच्या पायथ्याशी खालीच बसले. "पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले. "मयुरीचं घर लहान आहे आई. दोनच खोल्या. तुझी खाट बसेल, एवढीच जागा आहे. तुला सांगणार होतो." मयुरी म्हणजे त्यांची मुलगी असावी. "रोज सांगणार होतो."

"मंग सांगं का नही?" ताईबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि उचलला. "जाय, च्या कर. पोरगी दूरतीन ऊनी शे."

ते आत गेले. आतून लायटरची टकटक ऐकू येऊ लागली, बराच वेळ पेटत नव्हता. किंवा ते नुसतेच तिथे उभे असतील. ताईबाईंनी खाली वाकून तबस्सुमचा चेहरा जवळून न्याहाळला.

"एकलीच ऱ्हास का तू?"

"आता राहते. आधी भावाकडे होते."

"घरवाला?"

"सोडलं. मीच निघून आले. बरीच वर्षं झाली."

"मारे का?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"मंग?"

तोच प्रश्न. तिला वाटलं आता नेहमीसारखं आत काहीतरी मिटेल आणि ती, नशीब, असं म्हणेल. पण म्हातारीला कुठे जायची घाई नव्हती, ती मांडीवरचं कडं धरून वाट बघत होती, आणि तबस्सुमला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "मी खोलीत आले तरी त्यांचं बोलणं थांबायचं नाही, आणि उठून गेले तरी थांबायचं नाही. वाईट कुणीच नव्हतं. मी होते की नव्हते, हेच मला कळेना. मग मी गेलेच."

"आनि परत गई नहीस."

"नाही."

ताईबाईंनी मान हलवली. मांडीवरच्या चकत्या थोड्या वाजल्या. "मी दर डाव परत ऊनू," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, सरळ, भाजी बरी झाली म्हणावं तशा आवाजात म्हणाल्या, "तू चांगलं करं."

इतक्या वर्षांत तिला बरंच काही म्हणण्यात आलं होतं. सब्र कर, अजून वय गेलं नाही, अल्लाहची मर्जी, तुझ्या जागी मी असते तर. भावानं तिला घरात घेतलं होतं, यास्मिननं तिखट वेगळं काढलं होतं. पण चांगलं केलंस, असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि आपण ते ऐकायला थांबलो होतो हे तिलाही माहीत नव्हतं. तिला रडू आलं नाही. तिचे खांदे एकदम जड झाले, मान जड झाली, सकाळपासूनची, कालची, कधीपासूनची जाग डोळ्यांवर येऊन बसली. तिनं भिंतीला हात टेकला.

योगराज चहा घेऊन आले तेव्हा ताईबाई खाटेच्या कडेला सरकल्या होत्या. "तिले नंतर दे," त्या म्हणाल्या. आणि खाटेवरच्या मोकळ्या जागेवर हात आपटून तबस्सुमला म्हणाल्या, "आडी पड जरासी. चार वाजाले जयगावनी गाडी शे. मी उठाडसू."

परक्या घरात, परक्या गावात, एका ओळख नसलेल्या माणसासमोर असं पडायचं नसतं, हे तिला माहीत होतं. ती उठून खाटेवर बसली, ओढणी सारखी केली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पाठीमागे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. "सुरतले मयुरीना घर कितलावा मजला शे रे?" ताईबाई विचारत होत्या, आणि योगराज खालच्या आवाजात सांगत होते, चौथा, लिफ्ट आहे, खिडकीतून तापी दिसत नाही पण वारा येतो. ती बोलणी आपल्यासाठी थांबली नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. पण आवाज तिच्यासाठी लहान केले होते. तिनं पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले.